पंच्याऐंशी हजारांची खंडणी आणि दोन लाखांची एफडी

नागपूरच्या महाल भागातल्या एका चित्रकार ताईंचं पत्र आलंय. फुकटात मिळालेलं 'क्रॅक', म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी एकही चित्र उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट, फोल्डरोफोल्डरी 'रीडमी' नावाची चिठ्ठी: 72 तासांत 490 डॉलर, नंतर 980. मुदत संपली. आता मागणी साधारण 85 हजारांची. मारबत-बडग्यावरच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवरच्या, मुलांच्या पुस्तकाची 24 चित्रं, 60 हजारांचं काम, त्यातली 15 झालेली. ताई विचारतात, दोन लाखांची एफडी मोडून पैसे भरू, की त्याच पैशात नवा लॅपटॉप घेऊ?

ताई, दोन्ही नको. पण त्याआधी एक काम आजच, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून करा. मेल, नेट बँकिंग, डीमॅट, सगळे पासवर्ड बदला. तुम्ही सांगितलेल्या खुणा 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खंडणी-व्हायरसच्या आहेत. तो पुष्कळदा पासवर्ड चोरणारा जोडीदार सोबत घेऊन येतो, आणि ब्राउझरमध्ये साठवलेलं आधी त्याच्या हाती लागतं. एफडी मोडायची का हे तुम्ही मला विचारताय, ती परस्पर दुसऱ्याच कुणी ऑनलाइन मोडू नये याची मला जास्त काळजी आहे. खात्यातून काही गेलं असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. गेलं नसलं तरी सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवून ठेवा.

आता हिशेब. झालेल्या 15 चित्रांच्या जेपीजी तुम्ही मंजुरीसाठी प्रकाशकांना मेल केल्यात, म्हणजे रचना आणि रंग हातात आहेत, गेले ते लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर. समोर नमुना ठेवून रोज दोन चित्रं झाली तर आठ दिवस, आजारपण-पाहुणे धरून दहा. तुमची महिन्याची कमाई तीस हजार, म्हणजे दहा दिवसांचे दहा हजार. दहा हजारांच्या मेहनतीसाठी 85 हजार, तेही क्रिप्टोत, जिथे एकदा गेलेला पैसा परत मागायला खिडकीच नसते. वर फाइली उघडायची किल्ली मिळेलच याची हमी चोराची! एफडी दोन वर्षं 7 टक्क्यांनी चाललीय, एक टक्का दंड धरला तर ती मोडण्यातच चारेक हजार जातील.

राहिली दहा वर्षांची जुनी चित्रं. त्यांची किंमत मला काढता येत नाही आणि मी काढणारही नाही. पण ती पुसू नका. आहेत तशी, कुलूपबंद, एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. या व्हायरसच्या काही प्रकारांत एकच ठरावीक किल्ली वापरलेली असते, अशा फाइली सोडवायचं साधन फुकट मिळतं. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात आधी तपासून बघा. तुमची किल्ली वेगळी निघाली तर आज काही होणार नाही, पुढे कधी किल्ली बाहेर आली तर फाइली हाताशी असाव्यात. सीताबर्डीतला दुकानदार 'डेटा काढून देतो, 35 हजार' म्हणतोय ना? त्याला म्हणा, आधी एक फाइल उघडून दाखव.

लॅपटॉप बिघडलेला नाही, घाणेरडा झालाय. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला हजार-दीड हजार लागतील. मात्र विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबलेत, तेव्हा 11 चालतं का ते त्याच वेळी विचारून घ्या. चालत नसेल तरच नव्या मशीनचं बोलू, आणि तेव्हाही एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून उचल, काढू, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं.

चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल रागावत नाही, सुरुवातीला कलाकाराच्या हाती पैसा किती असतो ते मला माहीत आहे. पण चित्रं काढायचं 'क्रिटा' हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि अधिकृत आहे. ते नको असेल तर महिन्याचा परवाना घ्या, तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. आणि दोन हार्ड डिस्क. एक जोडलेली, एक कपाटात, दर रविवारी अदलाबदल. जोडलेली व्हायरसच्या तावडीत सापडू शकते, कपाटातली नाही. इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हटलं तरी ही एक डिस्क घरातच राहू द्या.

प्रकाशकांना आजच फोन करा. पुस्तक पोळ्याआधी हवंय, तर पंधरा दिवस आत्ता मागितलेले ते समजून घेतील, ऐन छपाईच्या तोंडावर नाही.