आधी खुरपे विचार

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

आजींच्या लहानपणावर लिहायला घेतलेस आणि पहिली पाने वाचायला पाठवलीस, याचा मनापासून आनंद झाला. त्यांत ‘हलाखी’ हा शब्द पाच वेळा आला आहे. पण दहा-अकरा वर्षांची ती मुलगी दिवसभर लोकांच्या रानात नेमके काय करत होती, हे कुठेच आलेले नाही. आधी काम विचार, दुःखाकडे त्या आपणहून येतील.

माझ्या मावशीला मी पहिल्यांदा “शाळेत जावेसे वाटायचे का?” असे विचारले, तेव्हा ती काही न बोलता उठून गेली. पुढे एकदा तिच्या बोटावरच्या घट्ट्याबद्दल सहज विचारले, तर ती खुरपे घेऊन अंगणात उकिडवी बसली आणि दाखवू लागली: डाव्या मुठीत तण धरायचे, खुरप्याचे टोक मुळाखाली तिरपे घालायचे, ज्वारीच्या रोपाला धक्का लागू द्यायचा नाही आणि बूड न टेकता पुढे सरकायचे. बायका आपापली पात, म्हणजे वाट्याला आलेली पिकाची ओळ, धरून निघत. लेकीची पात मागे पडली की शेजारी असलेली आई स्वतःची पात सांभाळून तिच्याही पातीतले तण काढत जाई, म्हणजे मालकाच्या डोळ्यांवर येऊ नये. शाळेचा विषय त्यानंतर तिनेच काढला.

तेव्हा आजींना हंगामाच्या क्रमाने विचार: पावसाळ्यातली खुरपणी, मग हुरड्यात आलेल्या ज्वारीची माळ्यावरून गोफणीने केलेली राखण, आणि काढणीनंतरचा सरवा. रानात सांडलेली कणसे वेचून आणली की त्यावर घरच्या काही भाकरी निघत, म्हणून सरव्याला जाऊ देणारा मालक कोण आणि हाकलणारा कोण, हे बायकांच्या पक्के लक्षात असे.

मजुरीबद्दल मात्र संकोच न करता विचार. धान्य मिळे की पैसे, आणि ते कोणाच्या ओट्यात पडत? किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, स्त्री-पुरुषांना समान मोबदला देण्याचा १९७६ चा, बालमजुरीचा १९८६ चा. यांच्याशेजारी आजींचे वय मांडून पाहा. १९७२ च्या दुष्काळात त्या अकरा वर्षांच्या होत्या, असे तू लिहितेस. त्या वर्षी पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला, माती वाहायला घरेच्या घरे लोटली होती. हजेरीपटावर त्यांचे नाव होते, की आईच्या पाट्या उचलायला त्या नुसत्या सोबत होत्या? त्या कामांवर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची आणि परदेशातून आलेल्या मिलो या तांबड्या ज्वारीच्या भाकरीची चव आठवते का, हेही विचार.

“कष्टांनीच तिला घडवले” हे वाक्य तेवढे काढून टाक, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या हातात कसब होते हे खरे, आणि शाळेची पाटी हातात यायची तेव्हा खुरपे आले, हेही तितकेच खरे. एकाने दुसरे भरून निघत नाही. त्यांचे शब्दही शुद्ध करत बसू नकोस.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा वही पिशवीतच राहू दे. घरात खुरपे असेल तर ते त्यांच्या हातात दे, आणि समोर उकिडवी बस.

तुझी,
बाई