मुंबई-गोवा बाईकने जायचंय पण दोन तासांतच बूड दुखायला लागतं, सीटचं काय करू?

जेल पॅड वगैरे घ्यायच्या आधी फोम बघ. अंगठ्याने जोरात दाबलं आणि खालचा कडक बेस लागला तर तो फोम गेला, कारण मऊ सीट शोरूममध्ये छान वाटते पण तासाभरात दबते आणि सगळं वजन बसायच्या दोन हाडांवर येतं. सीटवाल्याकडे जाऊन घट्ट, हाय डेन्सिटी फोम टाकून घे आणि बसायची जागा सपाट आणि थोडी रुंद करून घे, पुढे उतार असला की ब्रेक मारताना टाकीवर घसरतोस आणि खरा त्रास तिथूनच सुरू होतो. कव्हर शिवायच्या आधी त्यावर दहा मिनिटं बसून बघच, आणि उंची फार वाढवू नकोस, सायनच्या ट्रॅफिकमध्ये पाय टेकायला हवेत ना.

आपल्याकडच्या पावसात शिलाईच्या भोकांतून पाणी आत जातं आणि फोम पिऊन बसतो, म्हणून कव्हरखाली प्लास्टिक शीट घालायला आवर्जून सांग. घामासाठी वरून जाळीचं कव्हर मस्त. पँटच्या आत पॅडवाली सायकलिंग शॉर्ट्स घाल आणि तासाभराने उतरून पाय मोकळे कर, ते कुठल्याही सीटवर लागणारच.