बॅनिश्ड: पहिला हिवाळा काढायचा कसा?

पहिलंच गाव थंडीत मेलं म्हणून खचू नकोस, आमचीही मेलीत. 'बॅनिश्ड' हा २०१४चा, गाव वसवून जगवायचा कॉम्प्युटर गेम आहे, त्यात शत्रू नाहीत की लढाया नाहीत. मारतात ती भूक, थंडी आणि आपली घाई.

सुरुवातीला एवढंच बघ:

- नुसते ओंडके साठवून भागत नाही. लाकूडतोड्या ते फोडून सरपण करतो तेव्हा घरं उबदार राहतात. हिवाळ्याआधीच त्याला कामाला लाव.
- कंदमुळं गोळा करणाऱ्यांची झोपडी दाट, जुन्या जंगलात बांध आणि भोवतालची झाडं तोडू नकोस. (मी तोडली होती. असो.)
- घरं! सगळे इथेच फसतात. नवं घर मिळालं की तरुण जोडपं वेगळं राहतं, मग मुलं होतात. एकदम दहा घरं बांधलीस तर खाणारी तोंडं वाढतात. वर्षानुवर्षं एकही बांधलं नाहीस तर सगळं गाव एकदम म्हातारं होतं, आणि ते सावरणं फार अवघड. दरवर्षी एखाद-दुसरं बांधत राहा.

भटके लोक आत घ्या म्हणाले तर सध्या नकोच म्हण, सोबत रोगराई येऊ शकते. व्यापाराचं नंतर बोलू, आधी पन्नास माणसं जगवून दाखव.