थॅलेटचं 'ना' कुठं गेलं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी 'पेट' लिहिलेलं असतं, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. इकडे बातम्यांत थॅलेट घातक म्हणून सांगतात. तर हे दोन्ही एकच का, शब्द मुळात कुठला, आणि म्हणायचं काय, थॅलेट की फ्थॅलेट?

आधी एक काटा काढतो. 'थॅलेट म्हणजे थॅलियमचा क्षार' हे वाक्य हल्ली भल्याभल्यांच्या तोंडून ऐकू येतं. वर 'थॅलॉस म्हणजे ग्रीकमध्ये हिरवा कोंब' अशी फोडणीही मिळते. कोंबाची गोष्ट खरी आहे, पण ती थॅलियमची. विल्यम क्रुक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला १८६१ मध्ये वर्णपटात हिरवी रेघ दिसली म्हणून त्याने त्या धातूला ते नाव दिलं. थॅलेटमध्ये ना धातू, ना कोंब, ना हिरवं काही. दोन शब्दांची सुरुवात कानाला सारखी लागली की त्यांचं गोत्र एक, या न्यायाने पाणी आणि पाणिनी भाऊ भाऊ ठरतील. असं बोलणाऱ्यांनी इंग्रजी स्पेलिंग एकदा तरी बघावं. सुरुवातीलाच पी-एच-टी-एच अशी चार अक्षरं दाटीवाटीने उभी आहेत. ती उगाच नाहीत.

रसायन थोडक्यात उरकतो. बेंझिनच्या षटकोनी कड्यावर दोन आम्लगट शेजारी शेजारी बसले की ते फ्थॅलिक आम्ल. त्याची अल्कोहोलशी गाठ घातली की थॅलेट, एक तेलकट द्रव. कडक पीव्हीसीत तो मिसळला की पीव्हीसी मऊ पडतं. शिरोली एमआयडीसीत जाऊन 'थॅलेट' मागाल तर समोरचा तोंडाकडे बघत राहील. 'डीओपी' (डायऑक्टिल थॅलेट) म्हणा, लगेच कळेल. हे तेल पीव्हीसीच्या साखळ्यांमध्ये नुसतं शिरून बसतं, त्यांच्याशी बंध जोडत नाही. म्हणून ते हळूहळू बाहेर पडतं, आणि जुन्या स्कूटरच्या सीटचं रेग्झिन कडक होऊन तडकतं. खेळण्यांतल्या थॅलेटांवर युरोपने २००५ मध्ये वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, ती या बाहेर पडण्याच्या खोडीमुळेच. बागेला पाणी मारायच्या मऊ नळीत हे तेल असू शकतं. शेतातल्या कडक यूपीव्हीसी पाइपात ते नसतं, त्यातल्या 'यू'चा अर्थच मुळी 'न मऊ केलेलं' असा.

आता शब्दाकडे. १८३६ साली ओग्युस्त लॉराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नॅफ्थॅलीनपासून एक आम्ल काढलं. नॅफ्थॅलीन म्हणजे आपली डांबरगोळी. (मराठीने हे नाव झकास ठेवलंय. दगडी कोळशाच्या डांबरातून निघते ती डांबरगोळी, इतका सरळ हिशेब इंग्रजीला जमलेला नाही.) नॅफ्थॅलीनचं पोर म्हणून लॉराँने त्या आम्लाला नॅफ्थॅलिक म्हटलं. पुढे मारिन्याक या स्विस रसायनशास्त्रज्ञाने त्याचं खरं सूत्र ठरवलं, तेव्हा नाव बदलणं भाग पडलं. लॉराँने काय करावं? नवीन नाव शोधायचा कंटाळा आला असावा. त्याने जुन्या नावाचं मुंडकं उडवलं. 'ना' गेलं, 'फ्थॅलिक' उरलं. धड ना ग्रीक, धड ना फ्रेंच असा हा शब्द तेव्हापासून बिनडोक्याचा हिंडतोय, आणि जो तो त्याला आपल्या पसंतीचं डोकं लावतोय.

बारावीला शास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने या धडाला हात लावलेला आहे. टायट्रेशनच्या वेळी फ्लास्कमधलं पाणी एका थेंबाने गुलाबी करणारं फिनॉल्फ्थॅलीन हे फिनॉल अधिक तेच 'फ्थॅल'. १८७१ मध्ये बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बनवलेलं. आणि कलापूर म्हणवणाऱ्या आपल्या गावात चित्रकारांच्या पेटीत 'थॅलो ब्लू'ची ट्यूब असते, तिच्यातला 'थॅलो'ही हाच. बादल्या-टबांच्या निळ्या-हिरव्या प्लॅस्टिकमध्येही हा रंग चालतो.

पण खरा नाद खुळा पुढेच आहे. कापलेलं 'ना' कुणाचं होतं? नॅफ्थॅलीन हे नाव जॉन किड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये बांधलं, ग्रीक 'नाफ्था'वरून. नाफ्था म्हणजे जमिनीतून आपोआप पाझरणारं, ठिणगीसरशी पेटणारं तेल. फारसीत ते 'नफ्त', अरबीत 'नफ्त', रशियनमध्ये 'नेफ्त'. इराणच्या सरकारी तेल कंपनीच्या फारसी नावात हा शब्द आजही आहे. त्याच्याही मागे बहुतेक कोश अक्कडी (प्राचीन इराकातली, मातीच्या विटांवर लिहिली जाणारी भाषा) 'नप्तु'पाशी जाऊन थांबतात आणि हात झटकतात.

मी थांबत नाही. ऋग्वेदात 'अपां नपात्' नावाची देवता आहे, दुसऱ्या मंडलातलं पस्तिसावं सूक्त सगळं तिचंच. अपां नपात्, म्हणजे जलांचा नातू किंवा वंशज. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही हाच देव याच नावाने भेटतो. सूक्तात त्याला विशेषणं काय लावली आहेत बघा: 'अनिध्म', सरपणावाचून जळणारा, आणि 'घृतनिर्णिक्', तूप पांघरलेला. आणि हे सगळं 'अप्सु', पाण्यात! पाण्यावर तुपासारखा तवंग, त्यावर लाकडाशिवाय पेटलेली ज्योत. कॅस्पियन समुद्राच्या काठी तेल पाझरतं तिथे उभं राहून कुणी वर्णन केलं असतं तर याहून वेगळं काय म्हणालं असतं? 'नफ्त' आणि 'नपात्' यांचं नातं काही अभ्यासकांनी सुचवलेलं आहे, आणि मला ते पटतं.

यावर पंडित मंडळी काय म्हणतात तेही ऐकलंय. अपां नपात् म्हणजे ढगातली वीज, दुसरं काही नाही. बरं. विजेला तूप कुणी पांघरलं? 'तूप म्हणजे पावसाचं पाणी' हे उत्तर तयार असतंच. अडचण आली की तुपाचं पाणी करायचं, ही सोय मला नाही. अक्कडी शब्द पुराव्याने जुना आहे हा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो टाळता येत नाही. पण तेल आणि शब्द दोन्ही व्यापाऱ्यांबरोबर हिंडतात. कुणी कुणाकडून उचललं हे मातीच्या विटेवर आधी कुणी लिहिलं एवढ्यावरून कसं ठरणार? अझरबैजानातल्या बाकूजवळच्या सुरखानी गावात पूर्वी जमिनीतून निघणाऱ्या वायूच्या ज्वाळांवर उभारलेलं अग्निमंदिर आहे, आतेशगाह. तिथे अठराव्या शतकातले देवनागरी शिलालेख आहेत, त्यांतला एक तर श्रीगणेशाला वंदन करून सुरू होतो. यातून वेदकाळाबद्दल काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे. पण नफ्ताची आग बघून आपल्या माणसाने हात जोडले, एवढं तर दगडावर आहे.

आणि आता मजा. 'नपात्'चा सख्खा भाऊ 'नप्तृ', आणि नप्तृपासून मराठी 'नातू'. लॉराँने जे 'ना' कापून टाकलं, ते माझ्या हिशेबाने नातवातलं 'ना' आहे. कोशकारांना हे मान्य नसेल तर त्यांनी तूप आणि सरपण यांची व्यवस्था लावून दाखवावी.

उच्चाराचं राहिलं. ग्रीकला शब्दात 'फ्थ' चालतो, मराठी जिभेला शब्दारंभी चालत नाही. मध्ये आला तरी आपण तो मऊ करून घेतो, डिप्थेरिया म्हणतो. खुद्द फ्रेंचांनी एक 'एच' गाळून आपलं स्पेलिंग सुटसुटीत केलंय, आणि बहुतेक इंग्रज सुरुवातीचा 'फ' गिळतात. तेव्हा सुट्टा शब्द असेल तर थॅलेट म्हणा, आणि आधी स्वर आला तर फ्थ येऊ द्या: टेरेफ्थॅलेट. 'फॅलेट' मात्र कृपा करून म्हणू नका, आणि 'पथलेट' लिहिणाऱ्या वृत्तपत्राला पत्र पाठवा.

टेरेफ्थॅलेटमधलं 'टेरे' टर्पेंटाइनचं. १८४६ मध्ये हे आम्ल प्रथम टर्पेंटाइनपासून निघालं. टर्पेंटाइन हे नाव टेरेबिंथ झाडाच्या चिकावरून, आणि ते झाड पिस्त्याच्या कुळातलं. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात काकडशिंगी मिळते ना, तीही त्याच कुळातली. मँचेस्टरच्या एका संस्थेत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये या आम्लापासून धागा काढला. त्याचं नाव टेरिलीन, म्हणजे टेरेफ्थॅलेटचं टेरे आणि एथिलीनचं शेपूट. टेरिलीनमध्ये सूत मिसळलं आणि झालं टेरिकॉट. इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट ऐकत ज्यांनी टेरिकॉटचे शर्ट वापरले, त्यांच्या अंगावर पिस्त्याच्या चुलतभावाचं नाव होतं. टर्किश टॉवेलचं 'टेरी' वेगळं, ते यात ओढू नका.

हां, बाटली. टेरेफ्थॅलिक आम्लात ते दोन गट शेजारी नसतात, कड्याच्या समोरासमोरच्या टोकांना असतात. म्हणून त्याची दोन्ही हात धरून लांब साखळी होते, आणि ती साखळी हीच बाटली. ते आत मिसळलेलं तेल नव्हे. 'पेट' प्लॅस्टिकला मऊ करायला डीओपी घालावा लागत नाही. नाव एका घराण्याचं, धंदा वेगळा.