पांगाऱ्यावरच्या गाठी, मिरीचे वेल आणि सालीचा काढा

प्रश्न (गुहागर तालुक्यातून): आगराच्या कडेला पांगारे आहेत, त्यांवर मिरी चढवली आहे. पांगाऱ्याच्या पानांना गाठी येतात, पानं वाकडी होऊन गळतात. कोणती फवारणी घ्यावी? पांगाऱ्याच्या सालीचा, बियांचा काढा झोपेसाठी चांगला म्हणतात, ते खरं का?

उत्तर: फवारणीवर पैसे घालवू नका. ताजी गाठ नखाने उकला, आत पांढुरकी अळी दिसेल. ही गांधीलमाशीच्या गोतातल्या, जेमतेम दीड मिलिमीटरच्या कीटकाची. मादी कोवळ्या पानात आणि देठात अंडी घालते, अळी आतच वाढते. वरून मारलेलं औषध तिला नीट लागत नाही, मिरीच्या घोसांवर मात्र बसतं. या कीटकाला शास्त्रीय नाव मिळालं २००४ मध्ये. पुढे केरळातल्या मिरी बागायतदारांनाही त्याने रडवलं. हवाई बेटांवर २००८ मध्ये त्याला मारणारा आफ्रिकेतला मित्रकीटक आणून सोडावा लागला. आपल्या हाती आहे ती कोयती. गाठींचे शेंडे छाटा आणि त्याच दिवशी जाळा. बांधावर ढीग करून ठेवलात तर त्यातूनच माश्या बाहेर पडतील.

नवे पांगारे लावू नका, हे माझं स्पष्ट मत. आधाराला गिरीपुष्प घ्या. मनगटाएवढ्या जाडीचे, दीड-दोन मीटरचे सरळ सोट काढून सावलीत ठेवा आणि पहिल्या पावसात रोवा. सुपारीची झाडं भरदार असतील तर मिरी त्यांवरच चढवा, तेच सोपं. चांगला वेल धरलेला जुना पांगारा मात्र घाईने तोडू नका; शेजारी गिरीपुष्प लावा, ते धरलं की नवी फूट तिकडे वळवा.

आता काढा. घेऊ नका. पांगाऱ्याच्या बियांतली अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं मज्जातंतूंचा स्नायूंकडे जाणारा संदेश अडवतात. बाणांना लावायच्या क्युरारे विषाची क्रियाही तशीच. ब्राझीलमध्ये याच प्रजातीतल्या मुलुंगू झाडाची साल झोपेसाठी पितात, ही गोष्ट खरी, पण ती जात वेगळी. आपल्या बांधावरच्या सालीत किती द्रव्य आहे ते कोणी मोजलेलं नाही. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी. शेळ्या पाला आवडीने खातात म्हणून बी निर्धोक, असा हिशोबही नको.

शेंगा तडकल्या की लालसर बिया अंगणात पडतात आणि पोरं खेळायला उचलतात, त्या झाडून टाका. कोणी चावून गिळली तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली बी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.