नव्या लेन्सआधी

प्रिय मित्रा,

श्रीनगरहून आणलेले, पानगळीतल्या चिनार झाडांचे चौदाशे फोटो पाहिले. खाली तुझा प्रश्न, 'नवी लेन्स घेऊ का?' नको घेऊस. चार दिवसांत शालिमार, निशात, नसीम बाग, पहलगाम, गुलमर्ग उरकलंस, घोळ तिथे आहे. झाड बदलू नकोस, वेळ बदल.

नसीम बागच घे. दल सरोवराच्या पश्चिम काठाजवळ, विद्यापीठाच्या आवारातले मुघलकालीन चिनार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, पण झबरवानच्या डोंगराआडून ऊन खाली उतरायला आणखी वेळ जातो. तुझा शेवटचा फोटो 7 वाजून 2 मिनिटांचा! थोडा थांबला असतास तर तेच ऊन पानांतून आरपार आलं असतं. निशातचं उलटं. ती बाग डोंगराला पाठ लावून पश्चिमेकडे बघते. सकाळी सावलीत, दुपार कलली की उन्हात. तू तिथे सकाळी गेलास. म्हणून म्हणतो, वेळ बदल.

लाल पानांत शिरा का दिसत नाहीत? लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, भरून सांडलाय. कॅमेऱ्याच्या साध्या हिस्टोग्रामला (उजेडाच्या आलेखाला) ते कळत नाही, कारण त्यात हिरव्याचं वजन जास्त धरलेलं असतं. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम लाव. लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). वर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, चढवलंस, तेव्हा उरल्यासुरल्या शिराही गेल्या. रंगछटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलास, त्याने पिवळेपणाच 'दुरुस्त' करून टाकला. 5500 केल्विनवर बांध. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइली आहेत, तेव्हा ही छटा आताही सुधारेल.

चिनाराच्या पानावर आकाशाची पांढरी चकाकी बसते, पाऊस पडून गेल्यावर तर जास्तच. लेन्ससमोरचा पोलरायझर फिल्टर हळू फिरवून ती उतरव. दीड-दोन स्टॉप उजेड जाईल, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 झाला तरी चालेल. मात्र 16 मिमीच्या रुंद लेन्सवर निळं आकाश घेतलंस तर त्यात एका बाजूला गडद पट्टा येतो, तुझ्या गुलमर्गच्या फोटोत आलाय तसा. तुझ्याकडची 70-200 मिमीची लांब पल्ल्याची लेन्स लाव आणि आकाश वगळ.

ट्रायपॉड असून पानं हलली, ही तक्रार कसली? ट्रायपॉड कॅमेरा धरतो, फांदी नाही. सेकंदाचा पंधरावा भाग वाऱ्यात चालत नाही, 1/200 ठेव, लेन्सचं छिद्र एफ 8 पुरे.

आणि फोटोतल्या त्या धुराला नावं ठेवू नकोस. लोक कांगडीच्या (थंडीत अंगाशी धरायच्या शेगडीच्या) कोळशासाठी पडलेली पानं जाळतात. उन्हाकडे तोंड करून उभा राहिलास तर त्याच धुराने पुढचे बुंधे मागच्यांपासून सुटे होतात. पानं गोळा करणाऱ्या बायकांचा फोटो मात्र विचारल्याशिवाय नाही.

एकाच झाडापाशी तीन सकाळी घालवणं हा हेकटपणा आहे, असं मला तोंडावर सांगितलं गेलंय. सांगणाऱ्यांकडे पहलगाम आहे, गुलमर्ग आहे, सोनमर्गही आहे. माझ्याकडे एक चिनार आहे. फार उशिरा मिळाला, एवढंच.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेरीला जा, गुलमर्ग वगळ. पहिला दिवस कॅमेरा बॅगेतच राहू दे, नुसतं बघ की ऊन कुठल्या फांदीवर किती वाजता येतं. झाड तेच, वेळ बदल. पिवळी पानं बघता बघता तांबूस होतात आणि जोराचा वारा सुटला की खाली, म्हणून परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढ. लेन्सचे पैसे आहेतच.