तुकडे करत गेलो तर कुठे थांबू?

चि. मैत्रेयी,

सप्रेम जयभीम.

रविवारच्या बुद्धवंदनेनंतर तू विचारलेस की जे जे जुळून झाले आहे ते सुटणारच, असे आपल्याकडे म्हणतात. तर मग एखाद्या वस्तूचे तुकडे करत गेल्यास ते कधी थांबतात का, आणि आपल्या परंपरेने याचे काय उत्तर दिले आहे? फोनवर चार वाक्यांत उरकण्याजोगा हा प्रश्न नाही, म्हणून लिहीत आहे.

वंदनेच्या पाली गाथांमध्ये याचे उत्तर नाही. ही चर्चा पुढच्या आचार्यांनी केली. काश्मीरच्या वैभाषिकांनी, म्हणजे बौद्ध तत्त्वज्ञांच्या एका संप्रदायाने, अवयव नसलेला परमाणू, म्हणजे पदार्थाचा सर्वांत लहान कण, मानला, पण तो एकटा कधीच आढळत नाही, असेही सांगितले. त्यांच्या मते आपल्या अनुभवाच्या जगात चार महाभूते (पृथ्वी, आप, तेज, वायू) आणि रूप, गंध, रस, स्पर्श अशी किमान आठ द्रव्ये एकत्रच असतात. पुरुषपूरच्या, म्हणजे आजच्या पेशावरच्या, वसुबंधूंनी ‘अभिधर्मकोश’ या ग्रंथात या मताचे सविस्तर निरूपण केले, आणि परंपरा ज्यांना ‘विंशतिका’ या छोट्या पद्यग्रंथाचेही कर्ते मानते, त्या वसुबंधूंनीच तिथे परमाणूच्या कल्पनेवर घाव घातला.

तो युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. भिंतीच्या आत बसवलेली एक वीट डोळ्यांपुढे आण. तिला चार दिशांनी चार, वर एक आणि खाली एक अशा सहा विटा भिडतात. परमाणूलाही असेच सहा परमाणू एकाच वेळी भिडत असतील, तर ज्या बाजूने पूर्वेचा भिडतो त्या बाजूने पश्चिमेचा भिडत नाही, म्हणजे त्याला सहा अंश आहेत आणि तो अविभाज्य राहत नाही. उलट त्याला बाजूच नाहीत असे म्हटले, तर सहाही जण त्याच्याच जागेत सामावतील आणि कितीही परमाणू जमवले तरी पिंड एका परमाणूएवढाच राहील. मग डोंगर कशाने झाला?

विभागणी कधीच थांबत नाही असे मानावे, तर परमाणू मानणाऱ्या न्याय-वैशेषिक दर्शनांचा आक्षेप होता की मेरू पर्वत आणि मोहरी दोघांचेही अवयव अनंत असल्यामुळे दोघे सारख्याच मापाचे ठरतील. (आजच्या गणितात हा आक्षेप टिकत नाही; लहान आणि मोठी रेषा दोन्ही अनंत वेळा विभागता येतात, तरी त्यांची लांबी वेगळीच राहते.) वसुबंधूंचा निष्कर्ष मात्र असा की विज्ञानाहून, म्हणजे जाणिवेहून, वेगळा असा बाह्य पदार्थच सिद्ध होत नाही.

भौतिकशास्त्राने प्रयोगाची वाट धरली. १८९७ मध्ये थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला, १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी अणुकेंद्रक दाखवले आणि १९६८ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे इलेक्ट्रॉनांचा मारा करून प्रोटॉनच्या आतही कण असल्याचे दिसले. त्या कणांना आपण आज क्वार्क म्हणतो. दोन क्वार्क एकमेकांपासून ओढू लागलो, तर ओढण्यासाठी दिलेल्या ऊर्जेतूनच नवे क्वार्क आणि प्रतिक्वार्क जन्मतात, आणि हाती सुटा क्वार्क न येता नवा संयुक्त कण येतो. इथे तोडल्याने तुकडे लहान होत नाहीत. इलेक्ट्रॉनमध्ये तर १ मीटरच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागापर्यंत शोधूनही अंतर्गत रचना आढळलेली नाही.

वैभाषिकांची एकत्र राहणारी द्रव्ये म्हणजेच क्वार्क, असे तुला कोणी अभिमानाने सांगेल. ते मानू नकोस. त्या आचार्यांकडे तर्क होता, मारा करायला इलेक्ट्रॉन नव्हते, आणि त्यांची थोरवी त्या तर्काच्या धारेत आहे. त्यांचा आक्षेप जागा व्यापणाऱ्या, एकमेकांना भिडणाऱ्या कणांवर होता. आजचा इलेक्ट्रॉन अवकाशभर पसरलेल्या क्षेत्राचे (इंग्रजीत ‘फील्ड’) स्पंदन म्हणून समजला जातो, त्यामुळे सहा बाजूंचा प्रश्न त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. अवकाशाचीच विभागणी कुठे थांबते का, हा प्रश्न मात्र भौतिकशास्त्रातही अजून उघडा आहे.

सुटीत घरी आलीस की ‘विंशतिके’च्या ११ ते १४ या कारिका (श्लोक) आपण मिळून वाचू. तोवर सहा बाजूंच्या युक्तिवादातून वैभाषिकांना सुटकेची कोणती वाट होती, याचा विचार करून मला लिही.

तुझा,
बाबा